देवाचं पाणी: नळापासून तीर्थापर्यंत आणि तिथून पुढे कुंडीपर्यंत

श्रावण लागला किंवा कोणाकडे सत्यनारायण ठरला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, पूजेला पाणी कुठलं घ्यायचं? कोणी सांगतं आरओचं चालत नाही, कोणी म्हणतं सरळ बिसलरीची बाटली फोडा, कोणाला गंगाजलाशिवाय जमतच नाही, आणि ह्या सगळ्यात ज्या पाण्याने खरंच पूजा होणार आहे ते पाणी कोणत्या टाकीतून आलं, कोणत्या तांब्यात भरलं, पूजेनंतर कुठे ओतलं हे कोणी विचारतच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या नळाचं ताजं, स्वच्छ, प्यायच्या लायकीचं पाणी देवाला पुरेसं आहे, पण ते घेण्यापासून सोडण्यापर्यंत त्याची काळजी घेणं हे पूजेचंच काम आहे, पूजेच्या आधीचं किंवा नंतरचं फुटकळ काम नाही.

आधी पाणी कुठून येतं ते बघा

ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नदीचं पाणी येतं, नवी मुंबई महापालिकेला खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं, खारघर-उलव्याकडे पेणच्या हेटवणे धरणाचं पाणी आहे. म्हणजे आपण सगळे नदीचंच पाणी वापरतो, फक्त मधे शुद्धीकरण केंद्र, पाइपलाइन आणि सोसायटीच्या दोन टाक्या येतात. बिघडायचं ते बहुतेक वेळा ह्या शेवटच्या टप्प्यात बिघडतं. खालची टाकी कधी धुतली, वरच्या टाकीचं झाकण नीट बसतं का, हे सेक्रेटरीला विचारा. सणांच्या आधी टाकी धुवून घेतली तर अख्ख्या बिल्डिंगच्या देवांची सोय एकदम होते, आणि माझ्या मते गंगाजल शोधत फिरण्यापेक्षा हे पुण्याचं काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातला कुठला नळ. बऱ्याच सोसायट्यांत किचनला पालिकेचं पाणी आणि बाथरूम-फ्लशला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असतं, काही नव्या कॉम्प्लेक्समधे तर फ्लशला सांडपाणी शुद्ध करून फिरवलेलं पाणी असतं. खाडीजवळच्या भागात बोअरचं पाणी मचूळ लागतं. त्यामुळे पूजेचं पाणी किचनच्या, पिण्याच्या नळाचंच घ्या, बाथरूमला लागून असलेला बेसिनचा नळ टाळा. ह्यात सोवळ्याचा प्रश्न नंतर येतो, आधी साधा प्रश्न हा की जे पाणी आपण तीर्थ म्हणून तोंडात घालणार ते पिण्याचं असायलाच पाहिजे.

पाणी ताजं आहे का हे ओळखायची सोपी रीत सांगतो. काचेच्या ग्लासात घ्या. पाणी पांढरट दिसलं आणि मिनिटभरात खालून वर असं नितळ होत गेलं तर ते नुसते हवेचे बुडबुडे आहेत, काळजी नाही. पांढरट किंवा पिवळट तसंच राहिलं, तळाला काहीतरी बसायला लागलं तर तो गाळ आहे. मग वास घ्या. थोडा क्लोरिनचा वास असणं वाईट नाही, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असंच धरलंय, त्यामुळेच ते पाणी टाकीतून येईपर्यंत टिकतं. पण गटारासारखा किंवा शेवाळाचा वास आला तर ते पाणी देवाला नाही आणि माणसालाही नाही.

शटडाऊनचं लक्षात ठेवा. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं की दुसऱ्या दिवशी कमी दाबाने आणि बऱ्याचदा गढूळ येतं, पाइपात बसलेली घाण सुटून येते. ते पहिलं पाणी लादी पुसायला, फ्लशला वापरा आणि नितळ यायला लागल्यावर पूजेचं भरा. शटडाऊनची सूचना आधी येते, तेव्हा आदल्या संध्याकाळीच एक कळशी भरून झाकून ठेवलेली बरी.

आरओ, बाटली, उकळलेलं, गंगाजल: कुठलं चालतं

आरओचं पाणी चालतं. त्यात अशुद्ध असं काहीच नाही. फक्त रोज देवाला स्नान घालायला आरओ लावायची गरज नाही कारण मशीन एक तांब्या देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं, आणि आपल्या धरणांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, साधा फिल्टर पुरतो. आचमन आणि तीर्थ ह्या पिण्याच्या दोन गोष्टींना फिल्टरचं घ्या, बाकीला नळाचं. बाटलीचं पाणी टँकरवर दिवस काढायची वेळ आली तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात गढूळ आलं तर आजीची पद्धत अजून उत्तम आहे, बादलीत तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा, तासभर हलवायचं नाही, मग वरचं नितळ पाणी चार पदरी सुती फडक्यातून गाळायचं. पाणी कापडाने गाळून प्यावं हे स्मृतिग्रंथांतही आहे. पण तुरटीने फक्त गाळ बसतो, जंतू सगळे मरत नाहीत, म्हणून तीर्थाचं पाणी त्यानंतर उकळून गार करा.

गरम पाण्याबद्दल गोंधळ असतो. आचमनाचं पाणी तापवलेलं नसावं आणि त्यावर फेस नसावा असा जुना नियम आहे. म्हणून गीझरचं किंवा नळाच्या फेसाळ जाळीतून आलेलं पाणी लगेच पळीत घेऊ नका, तांब्यात निवू द्या. उकळून पूर्ण गार केलेल्याला मी तरी हरकत मानत नाही, नियमाचा रोख स्वच्छ, शांत, थंड पाण्यावर आहे. देवाच्या स्नानाला मात्र कोमट चालतं, नरकचतुर्दशीला आपण देवालाही तेल-उटणं लावून कोमट पाण्याने न्हाऊ घालतोच की.

आता गंगाजल. पूर्वी काशीहून येणारा माणूस सीलबंद गंगेचा गडू आणायचा, घरी आल्यावर मावंदं (यात्रेहून परतल्यावरचं जेवण) घालून त्याची पूजा व्हायची आणि मग तो गडू वर्षानुवर्षं देवघरात राहायचा, घरात कोणाचा शेवट आला की तुळशीपत्रासोबत तेच पाणी तोंडात. आता टपाल खातंही २०१६ पासून गंगाजलाच्या बाटल्या विकतं. गंगेचं पाणी शिळं होत नाही असं मानतात, त्यामुळे ते साठवायला हरकत नाही, पण वर्षभर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी लहान मुलाला, आजारी माणसाला पाजू नका. कलशात दोन-चार थेंब घाला, शिंपडा, बास. आणि नसलं घरात तर अडत काहीच नाही, का ते कलशाच्या पायरीला सांगतो.

भांडी

तांब्याचा तांब्या, पंचपात्र, पळी, ताम्हण, अभिषेक करत असाल तर गळतीचं (तळाला बारीक भोक असलेलं) अभिषेकपात्र. एवढं पुरतं. चांदीचं असलं तर छान, पितळेचं चालतं, स्टीलचंही रोजच्या घाईत चालतं असं माझं मत आहे, प्लास्टिकचा मग मात्र देवघरात नको. तांब्याच्या भांड्यात पाणी काही तास राहिलं की त्यातले जंतू कमी होतात हे खरं आहे, म्हणून रात्री भरून सकाळी पिण्याची पद्धत टिकली. पण तांबं गाळ काढत नाही, क्षार काढत नाही, रसायन तर अजिबात काढत नाही, घाण पाणी तांब्यात भरलं म्हणून शुद्ध झालं असं होत नाही.

भांडी चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा, कानाकोपऱ्यात पांढरी पूड राहते, पळीच्या वाटीत आणि पंचपात्राच्या काठाखाली जास्त. मग कोरड्या फडक्याने पुसा. ओलं ठेवलं तर डाग पडतात आणि हिरवट पुटं चढतात, ती हिरवट पुटं पोटात जाणं वाईट. ह्याच कारणाने दही, पंचामृत, लिंबू घातलेलं काहीही तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही, कळकतं. पंचामृताला चांदीची, स्टीलची किंवा काचेची वाटी घ्या. बरेच गुरुजी तांब्याच्या गळतीतून दुधाचा अभिषेक करू देत नाहीत त्याचंही हेच कारण.

ह्यात सगळ्यात जास्त चुकतं ते हे: आचमनाचं पंचपात्र वेगळं आणि देवाच्या स्नानाचा तांब्या वेगळा. आचमनाची पळी आपल्या हाताला, ओल्या तळव्याला लागते. ती परत देवाच्या तांब्यात बुडवायची नाही. दोन भांडी करा, गोंधळ संपला.

पाणी भरणं आणि सोवळं

आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून पाणी भरायचं. पारोशाने भरलेलं पाणी देवाला घेत नाहीत. कडक सोवळ्यात ओलेत्याने विहिरीवरून पाणी आणायचे, आता सातव्या मजल्यावर विहीर कुठून आणणार, तर नळ आधी स्वच्छ धुवा, अर्धा मिनिट पाणी वाहू द्या (ते खाली पातेल्यात धरा, भाज्या धुवायला होतं), मग तांब्या धुवून भरा आणि झाकण ठेवा. भरताना बोटं पाण्यात बुडवायची नाहीत, तांब्या काठाला धरायचा, आणि रोजचं रोज भरायचं. शटडाऊनचा दिवस सोडला तर काल भरलेलं पाणी आज देवाला शिळं.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पाणी कोणी भरलं, कोणाचा हात लागला, कुठल्या जातीचा माणूस, घरकामाला येणाऱ्या ताई, पाळी आलेली मुलगी, ह्याने पाणी बाटतं हे मी मानत नाही आणि कोणी मानू नये. आपल्याच कोकणात, महाडला २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं, आणि नंतर तिथल्या काही लोकांनी पंचगव्य ओतून ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ज्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती ते माणसाच्या ओंजळीने अशुद्ध झालं असं म्हणणं हा पाण्याचाही अपमान होता. पाणी घाण होतं गाळाने, मैल्याने, रसायनाने. त्याची काळजी करू, माणसाच्या हाताची नको.

पायरी पहिली: आचमन

पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून बसा. समोर पंचपात्र, पळी, ताम्हण. पळी डाव्या हातात, पाणी उजव्या तळहातावर. तळवा थोडा खोलगट करायचा, त्याला गोकर्ण म्हणतात, आणि पाणी किती तर उडदाचा एक दाणा बुडेल एवढंच. लोक पळी भरभरून पितात, घोट घेतात, गरज नाही. ‘केशवाय नमः’, ‘नारायणाय नमः’, ‘माधवाय नमः’ असं म्हणत तीन वेळा प्यायचं, अंगठ्याच्या मुळाकडच्या बाजूने, त्याला ब्रह्मतीर्थ म्हणतात, आणि सुर्र आवाज न करता. चौथ्याला ‘गोविंदाय नमः’ म्हणून पाणी ताम्हणात सोडायचं. मग हात जोडून ‘विष्णवे नमः’पासून पुढची नावं, एकूण चोवीस. आपल्याकडे हे दोनदा करतात.

हाताच्या कुठल्या भागावरून पाणी सोडायचं ह्याचंही शास्त्र आहे आणि एकदा कळलं की फार सुंदर वाटतं: देवाला बोटांच्या टोकांवरून, पितरांना अंगठा आणि तर्जनीच्या मधून, ऋषींना करंगळीच्या मुळाच्या बाजूने. सर्वपित्रीला घरी तर्पण करणाऱ्यांनी हे नीट बघून घ्या, कारण देवाचं पाणी पितरांच्या बाजूने सोडलं की गुरुजी पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.

पायरी दुसरी: कलश आणि प्रोक्षण

तांब्या किंवा कलश पाण्याने भरलेला आहे. त्याला बाहेरून गंध, अक्षता, फूल वाहायचं, आत एखादं तुळशीपत्र किंवा दूर्वा, आणि कलशाच्या तोंडावर उजवा हात ठेवून म्हणायचं:

गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति ।
नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥

म्हणजे हे गंगे, यमुने, गोदावरी, सरस्वती, नर्मदे, सिंधू, कावेरी, ह्या पाण्यात येऊन राहा. ‘ह्या पाण्यात’, म्हणजे तुमच्या समोरच्या, जिथे तुम्ही राहता तिथल्या. ज्यांनी हा विधी रचला त्यांना माहीत होतं की प्रत्येकाच्या दारात गंगा नाही. म्हणून मोरब्याच्या किंवा भातसाच्या पाण्यात सातही नद्यांना बोलवायची सोय विधीतच आहे, आणि ती केली की ते पाणी पूजेपुरतं गंगेचंच झालं. त्यामुळे ‘आमच्याकडे गंगाजल नाही हो’ म्हणून कोणी पूजा पुढे ढकलू नका. हे म्हणताना घाई मात्र करू नका, माझ्यासाठी तरी अख्ख्या पूजेतला हा सगळ्यात मोठा क्षण आहे.

मग प्रोक्षण. कलशातलं थोडं पाणी फुलाने किंवा दूर्वेने घेऊन ‘अपवित्रः पवित्रो वा सर्वावस्थां गतोऽपि वा, यः स्मरेत् पुण्डरीकाक्षं स बाह्याभ्यन्तरः शुचिः’ म्हणत स्वतःवर आणि पूजेच्या सामानावर शिंपडायचं. शिंपडायचं म्हणजे तुषार, सपकारे नाहीत. निरांजनाच्या वाती, उदबत्त्या, काडेपेटी आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून मग शिंपडा, डेकोरेशनच्या लाइटच्या माळा लावलेल्या असतात तेव्हा तर आधी स्विच बंद करा.

पायरी तिसरी: देवाचं स्नान

षोडशोपचारात, म्हणजे पूजेच्या सोळा उपचारांत, पाद्य, अर्घ्य, आचमनीय आणि स्नान हे चार उपचार सरळ पाण्याचे. घरी आलेल्या पाहुण्याला आपण जे करतो तेच, पाय धुवायला पाणी, हातावर पाणी, प्यायला पाणी, मग आंघोळ. पाद्य, अर्घ्य, आचमनीयाला एकेक पळी पुरते. अर्घ्याच्या पाण्यात गंध, अक्षता, फूल असतं.

स्नानाला धातूच्या मूर्ती, टाक (देवाची प्रतिमा उठवलेले पत्रे), शाळिग्राम, बाण (शिवलिंगाचा गोटा) ताम्हणात घ्या. पंचामृत असेल तर दूध, दही, तूप, मध, साखर ह्या क्रमाने आणि प्रत्येकानंतर पाणी, शेवटी शुद्धोदक स्नान, म्हणजे नुसत्या स्वच्छ पाण्याचं. शेवटचं पाणी जरा सढळ घाला कारण तूप-साखर मूर्तीच्या खाचेत राहिली की रात्रीत मुंग्या येतात. रोजच्या पूजेला सगळं मिळून अर्धा-पाऊण लिटर पाणी पुष्कळ झालं. स्नानानंतर मूर्ती मऊ, कोरड्या, फक्त देवासाठी ठेवलेल्या फडक्याने पुसा, चांदीचे जुने टाक झिजलेले असतात, घासू नका, टिपून घ्या.

मातीच्या मूर्तीवर, फोटोवर पाणी ओतायचं नाही. शाडूच्या गणपतीला फूल किंवा दूर्वा पाण्यात बुडवून नुसतं लावल्यासारखं करायचं, किंवा शेजारी सुपारीचा गणपती ठेवून सगळा अभिषेक त्याच्यावर. शंकराला शंखाने पाणी घालत नाहीत, विष्णूला घालतात. गळती लावायची असेल तर धार दोऱ्यासारखी बारीक ठेवा आणि खाली भांडं ठेवायला विसरू नका, रुद्राची अकरा आवर्तनं होईपर्यंत पाणी चांगलंच साठतं. श्रावणी सोमवारी मासुंदा तलावाशेजारच्या कोपिनेश्वराला रांगेत उभं राहणार असाल तर घरून लहान गडूभर पाणी न्या, मोठी कॅन नको, आणि पिंडीवर घालताना प्लास्टिकची पिशवी, दुधाची थैली आत सोडू नका.

सूर्याला अर्घ्य देणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. फ्लॅटच्या गॅलरीतून अर्घ्य दिलं की खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पाणी पडतं आणि त्यावरून भांडणं होतात. समोर ताम्हण किंवा मोठी कुंडी ठेवा, त्यात धार सोडा. सूर्याला ते पोचतं.

नैवेद्य

नैवेद्याच्या ताटाखाली पाण्याने चौकोन काढायचा, ताट ठेवायचं, तुळशीपत्राने ताटाभोवती पाणी फिरवायचं. मधे पिण्याचं पाणी, शेवटी हात धुवायला आणि तोंड धुवायला पाणी ताम्हणात सोडायचं. हे पाणी सोडताना ताटात पडू देऊ नका, पापड-वडे मऊ पडतात.

तीर्थ

तीर्थ पिण्याची वस्तू आहे, आणि ह्याच बाबतीत आपण सर्वांत निष्काळजी असतो. देवाच्या स्नानाचं जे पाणी तीर्थ म्हणून द्यायचं ते वेगळ्या भांड्यात आधी काढून ठेवा, हळद-कुंकू पडायच्या आधी. बाजारातलं कुंकू, अष्टगंध, रंगीत अक्षता ह्यांत काय रंग असतो कोण जाणे, ते पोटात नको. घालायचंच तर सहाणेवर उगाळलेलं चंदन, तुळस, दोन काड्या केशर. कापूर पोटात जाणं विषारी आहे, आरतीच्या कापराच्या वड्या तर तीर्थात अजिबात चुरायच्या नाहीत.

पंचामृताचं तीर्थ असेल तर आपल्या दमट हवेत दोन-तीन तासांत संपवा नाहीतर फ्रिजमधे ठेवा, सकाळच्या सत्यनारायणाचं पंचामृत संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना देऊ नये, त्यांच्यासाठी ताजं करा. आणि त्यात मध असतो, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला ते लावू नका, डॉक्टर मध द्यायला मनाई करतात ती ह्यासाठीही लागू आहे. बाळाला नुसत्या पाण्याचं बोट कपाळाला लावा. तीर्थ देणाऱ्याची पळी घेणाऱ्याच्या तळव्याला लागू नये, वरूनच सोडावं.

उरलेलं पाणी कुठे जातं

बहुतेक पूजाविधी सांगणारे इथे थांबतात पण मला वाटतं अर्धी शुद्धी इथेच आहे. ताम्हणातलं पाणी सिंकमधे ओतायला मन धजत नाही, म्हणून लोक काय करतात, बाटलीत साठवतात आणि निर्माल्यासकट पिशवी बांधून वाशीच्या किंवा कळव्याच्या पुलावरून खाडीत. ही ठाण्याची खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालं, आणि २०२२ मधे ती रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. नद्यांना कलशात बोलवायचं आणि पूजा झाली की प्लास्टिकची पिशवी पाण्यातच फेकायची, हे दोन्ही एका माणसाने करणं मला पटत नाही.

साध्या स्नानाचं पाणी गॅलरीतल्या कुंडीत घाला, जास्वंद, शेवंती, मोगरा काहीही. तुळशीत आचमनाचं, पाय धुतल्याचं पाणी घालत नाहीत, ते दुसऱ्या झाडाला. पंचामृताचं पाणी तसंच्या तसं घातलं तर कुंडीला वास येतो, चिलटं होतात, त्यात चार-पाचपट साधं पाणी मिसळा आणि एकाच कुंडीत न घालता वाटून घाला, नाहीतर खाली सोसायटीच्या मोठ्या झाडाला, जिथे कोणाचा पाय पडणार नाही. कुंडी नसेल आणि खाली जाणं जमत नसेल तर नमस्कार करून सिंकमधे सोडलं तरी मी त्याला दोष देणार नाही. हार-फुलं पालिकेच्या निर्माल्य कलशात, दोरा आणि प्लास्टिक काढून, कारण त्याचं खत करायचं असतं आणि दोरा अडकला की ते काम करणाऱ्यांना हाताने सोडवत बसावं लागतं.

खास प्रसंग

नवरात्रात घटाचा कलश नऊ दिवस हलवत नाहीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो, हे दिवस नेमके नवरात्राएवढे आहेत. कलशाच्या तोंडावर नारळ फट न ठेवता बसवा, विड्याची किंवा आंब्याची पानं धुवून, पुसून लावा आणि देठ पाण्यात बुडणार नाही असं बघा म्हणजे पाणी कुजत नाही. घटाच्या मातीवर पाणी शिंपडा, ओतू नका, जास्त पाण्याने धान्याला बुरशी येते. उठवल्यावर ते पाणी घरात शिंपडा, झाडाला घाला, प्यायचं नाही. दारात फुलं तरंगत ठेवायची उरळी असते तिचं पाणी रोज बदला.

ग्रहणात भरलेलं पाणी ओतून द्यायची पद्धत काही घरांत आहे. शास्त्रात दर्भ किंवा तुळशीपत्र घालून ठेवायची सोय आहे, ती वापरा. एका इमारतीने शंभर पिंपं ओतली आणि दुसऱ्या दिवशी टँकर मागवला तर त्यात कसलं पुण्य? ग्रहण सुटल्यावर आंघोळ करा, देवघराचं पाणी तेवढं नवं भरा.

सोयर-सुतक संपलं की आधी घर खरंच धुवून काढा, पांघरुणं-चादरी धुवा, पाण्याची भांडी घासा, मग गोमूत्र किंवा गंगाजल घालून प्रोक्षण. नुसतं शिंपडून घर शुद्ध झालं असं करू नका, सुतकाच्या दिवसांत माणसांची ये-जा असते, आजारपण होऊन गेलेलं असतं, तिथे झाडू-फडक्याचं काम मंत्राच्या आधीचं.

गणपती विसर्जनाला शाडूची लहान मूर्ती असेल तर घरीच बादलीत करा, एक-दोन दिवसांत विरघळते, ती माती कुंडीत जाते. मूर्तीवरचे हार, कापड, दागिने आधी उतरवा. मोठी मूर्ती पालिकेच्या कृत्रिम तलावात.

आणि पाणीच नसेल तेव्हा

ट्रेनमधे, हॉस्पिटलमधे, किंवा सकाळी सहाला टाकी कोरडी पडलेली असेल तर पूजा थांबत नाही. आचमनाला पाणी नसेल तर उजव्या कानाला हात लावायचा, त्याला श्रोत्राचमन म्हणतात, ते आचमनाऐवजी मान्य आहे. आंघोळ शक्य नसलेल्या आजारी माणसाला ओल्या फडक्याने अंग पुसलं की चालतं, तेही नसेल तर ‘आपो हि ष्ठा’ म्हणत चार थेंब डोक्यावर शिंपडलेलं मंत्रस्नान आहे. देवाला स्नानाऐवजी फूल पाण्यात बुडवून फिरवा, एका पळीत सगळे देव होतात. आणि टँकरच्या दिवसांत शेजारी कोणाकडे पूजा असेल आणि आपल्याकडे भरलेली कळशी असेल तर त्यांना विचारा, अर्धी कळशी नेऊन द्या, आंघोळ झाली होती का वगैरे ते विचारणार नाहीत.